डोक्यावरचे घमेले आणि यंत्राचा बाहू

३१ मे २०२५ हा दिवस इंदूरने दोन कारणांनी साजरा केला. अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला त्या दिवशी तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी इंदूर मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. पंतप्रधानांनी या सेवेचा प्रारंभ भोपाळहून दूरदृश्य प्रणालीद्वारे केला. भोपाळचा तो सोहळा म्हणजे अहिल्यादेवींच्याच नावाने भरलेले महिला सक्षमीकरण महासंमेलन होते. लोकमातेचे स्मरण, स्त्रीशक्तीचा गौरव आणि आधुनिक बांधकामाचे दर्शन असा त्रिवेणी संगम त्या दिवशी जुळून आला.

या संगमाच्या काठावर एक स्त्री उभी आहे. तिच्या डोक्यावर चुंबळ आहे, चुंबळीवर घमेले आहे आणि घमेल्यात ओले काँक्रीट आहे. मध्य भारतात तिला रेजा म्हणतात. गोव्यात ती बहुधा उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून किंवा झारखंडमधून आलेली असते. इंदूर असो वा पर्वरी, साहित्य खालून वर नेण्याचे काम आजही मोठ्या प्रमाणावर तिच्याच मानेवर चालते. तिच्या मानेवरचा हा भार सहज उचलू शकेल असे एक यंत्र भारतीय बांधकामस्थळी हळूहळू येऊ लागले आहे. त्याचे नाव टेलिहँडलर. ते यावे की येऊ नये हा वादाचा विषय नाही. ते येणारच आहे. विचार करायचा तो एवढाच, की भार यंत्राने उचलल्यावर ज्या माणसाने तो आजवर वाहिला त्याचे काय होणार, आणि यंत्राच्या खुर्चीत बसणारा माणूस त्या कामासाठी तयार केलेला असणार की नाही. इंदूर आणि गोवा यांच्या आकारमानात मोठे अंतर असले, तरी हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू पडतो.

बांधणीकडून जुळणीकडे

इंदूरचा सात मजली राजवाडा पाहिलेल्यांना त्याची एक खूण आठवत असेल. खालचे तीन मजले दगडी आहेत, वरचे चार लाकडी. जसजसे वर जावे तसतसे साहित्य हलके होत जाते. माणसाच्या आणि जनावराच्या बळावर उभ्या राहणाऱ्या वास्तूंच्या काळात वजन वर चढवणे ही काय मातब्बरीची गोष्ट होती, याची कल्पना त्यावरून येते.

त्याच शहराच्या कनाडिया भागात अलीकडे झालेले एक बांधकाम नेमके याच्या उलट टोकाला आहे. केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत प्रत्येकी सुमारे एक हजार घरे सहा वेगवेगळ्या तंत्रांनी बांधायची, अशी ती योजना होती. इंदूरच्या वाट्याला १,०२४ घरे आणि आधीच तयार केलेल्या थरदार भिंतफलकांचे तंत्र आले. पोलादी सांगाडा कारखान्यात तयार होतो. सिमेंटच्या दोन पातळ तक्त्यांमध्ये हलक्या काँक्रीटचा गाभा असलेले फलकही कारखान्यातूनच येतात आणि जागेवर केवळ जोडले जातात. विटा रचणे, गिलावा करणे, भिंतीवर दिवसचे दिवस पाणी मारणे ही कामे जवळपास संपुष्टात येतात. सुमारे १२८ कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले.

या बदलाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पारंपरिक बांधकामात साहित्य लहान लहान वाट्यांनी वर जाते. वीट, चिरा, घमेलेभर माल, पाटीभर खडी, असे प्रत्येक वजन माणसाला पेलेल एवढेच असते. तयार फलकांच्या बांधकामात मात्र एकेक नग माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो गाडीतून उतरवायचा, आवारात रचायचा, योग्य मजल्यापर्यंत न्यायचा आणि भिंतीच्या जागी अचूक टेकवायचा. इमारत ‘बांधण्या’ऐवजी ‘जुळवली’ जाऊ लागली, की उचलणे हेच मुख्य काम होऊन बसते.

हे यंत्र नेमके काय करते?

आपल्याकडे माती उकरणाऱ्या प्रत्येक यंत्राला सरसकट ‘जेसीबी’ म्हणण्याची प्रथा आहे. टेलिहँडलर त्याहून वेगळा आहे. चार मोठ्या रबरी चाकांचे हे वाहन दिसायला शेतीच्या ट्रॅक्टरच्या जवळचे. त्याच्या पाठीवर एक लांब पोलादी बाहू असतो. दुर्बिणीची नळी जशी एकात एक बसलेल्या तुकड्यांतून बाहेर सरकते, तसा हा बाहू वर आणि पुढे लांबतो. नावातील ‘टेलि’ आला तो तेथूनच. बाहूच्या टोकाला गरजेनुसार निरनिराळी अवजारे बसवता येतात. फोर्कलिफ्टसारखे दोन काटे लावले की चिऱ्यांची किंवा लाद्यांची थप्पी उचलता येते, बादली लावली की खडी भरता येते आणि आकडा लावला की छोट्या क्रेनचे काम होते.

साध्या फोर्कलिफ्टला गुळगुळीत फरशी लागते आणि ती भार फक्त सरळ वर नेते. टेलिहँडलर खडबडीत जमिनीवर चालतो आणि समोरच्या खड्ड्यापलीकडे, परांचीच्या वरून, थेट दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर माल ठेवू शकतो. चारही चाके वळत असल्याने तो अरुंद आवारात फिरतो, आणि अनेक यंत्रांना खेकड्यासारखे तिरके सरकणेही जमते.

भारतात उचल-वाहतुकीचे हे काम दीर्घकाळ ‘हायड्रा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान क्रेनने सांभाळले. रस्त्यावर लोंबकळता भार घेऊन संथपणे जाणारी ही पिवळी यंत्रे प्रत्येकाने पाहिलेली असतात. आकड्याला टांगलेला भार चालत्या गाडीबरोबर झोके घेतो आणि बाहू व भार यांमुळे चालकाला समोरचे नीट दिसत नाही, हे या यंत्राचे मोठे दोष. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या प्रकल्पस्थळी हायड्राच्या वापरावर निर्बंध घातले ते यामुळेच. काट्यांवर टेकलेला भार झोके घेत नाही, हा टेलिहँडलरचा स्वाभाविक लाभ होय.

हे यंत्र जगात नवे नाही. जेसीबी या ब्रिटिश कंपनीने आपला ‘लोडॉल’ १९७७ मध्ये बाजारात आणला. तो आणला होता बांधकामासाठी, पण युरोपातील शेतकऱ्यांनी गवताच्या गाठी रचण्यासाठी त्याला आपलेसे केले. भारतात तो रुळायला उशीर लागला, याचे कारण तंत्रज्ञानाच्या अभावात शोधण्याची गरज नाही. इंदूरच्या कुशीतील पीथमपूर औद्योगिक वसाहतीतच बॅकहो लोडर आणि रोलर यांसारखी बांधकामयंत्रे कित्येक वर्षे तयार होत आहेत. खरे कारण अर्थशास्त्राचे आहे. जिथे डोक्यावरून भार वाहणारा माणूस स्वस्तात मिळतो, तिथे यंत्र महाग वाटते.

सदुसष्ट फेऱ्यांचा हिशेब

हा ‘स्वस्त’ माणूस किती वाहतो? बांधकाम कामगारांसंबंधीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी त्यावर मर्यादा घातली आहे. प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा अधिक आणि प्रौढ स्त्रीने ३० किलोपेक्षा अधिक वजन साहाय्याविना उचलू अथवा वाहू नये, असे ते नियम सांगतात. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. म्हणजे नियमाप्रमाणे ते पुरुषाच्या मर्यादेच्या जेमतेम आत बसते आणि स्त्रीच्या मर्यादेबाहेर जाते. ज्याने कोणतेही बांधकाम जवळून पाहिले आहे, त्याला ही मर्यादा कागदावर किती आणि पायऱ्यांवर किती पाळली जाते, हे वेगळे सांगायला नको.

आता एक साधा हिशेब मांडू. दोन टन चिरे पहिल्या मजल्यावर न्यायचे आहेत. ३० किलोची मर्यादा काटेकोर पाळायची म्हटली तर एका स्त्रीला त्यासाठी ६७ वेळा वर जावे लागेल आणि ६७ वेळा रिकाम्या डोक्याने खाली यावे लागेल. समतल जागेवर उभा असलेला मध्यम आकाराचा टेलिहँडलर तेवढेच वजन, व्यवस्थित रचलेले असेल तर, एका किंवा दोन खेपांत वर ठेवतो. ६७ फेऱ्यांत झिजतात ते गुडघे आणि मानेचे मणके. पाय घसरतो तो याच फेऱ्यांत. या झिजेची नोंद कोणत्याही मजुरीच्या वहीत होत नाही. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त हे आपले गणित ही नोंद वगळूनच सोडवलेले असते.

गोव्यातील बांधकाम व्यावसायिकांना यंत्राकडे वळवणारे आणखी एक कारण आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात श्रमिक रेल्वेगाड्या भरभरून परप्रांतीय कामगार गोव्यातून आपापल्या गावी परतले आणि राज्यातील बांधकामांवर शुकशुकाट पसरला. तेव्हापासून ‘माणसे मिळत नाहीत’ ही कंत्राटदारांची नित्याची तक्रार झाली आहे. होळीला, पेरणीला किंवा निवडणुकीला गावी गेलेला कामगार कधी परतेल याची शाश्वती नसते. यंत्र गावी जात नाही, हा विचार कंत्राटदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

देवगुराडियाचा धडा

परंतु लहान कंत्राटदाराला असे यंत्र परवडणार कसे? या प्रश्नावरही इंदूरकडे एक उत्तर आहे आणि ते इमारतींच्या नव्हे, कचऱ्याच्या कामातून आले आहे. देवगुराडिया येथील कचराभूमीवर वर्षानुवर्षे साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा इंदूर महापालिकेने २०१८ च्या सुमारास हटवला. संपूर्ण काम बाहेरच्या कंपनीला प्रतिटन दराने देण्याऐवजी पालिकेने चाळणयंत्रे आणि माती हलवणारी यंत्रे भाड्याने घेतली, ती दोन पाळ्यांत चालवली आणि कामाचे नियोजन स्वतःकडे ठेवले. खर्च दहा कोटी रुपयांच्या आत राहिला आणि सुमारे शंभर एकर जमीन मोकळी झाली. स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या आलेल्या या शहराच्या यशामागील हा एक कमी बोलला जाणारा भाग आहे.

यंत्राची मालकी आणि यंत्राचा उपयोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे देवगुराडियाने दाखवले. गोव्यासारख्या राज्यात, जिथे बहुतेक प्रकल्प मध्यम किंवा लहान आहेत, तिथे टेलिहँडलर येईल तो भाड्यानेच येईल. सकाळी एका आवारात, दुपारी दुसऱ्या. गोमंतकीय माणसाला यंत्र-भाड्याचा अनुभव नवा नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक आणि यंत्रे अंगणात गंजत उभी राहिल्याचे दुःख खाणपट्ट्यातील कुटुंबांनी भोगले आहे. त्यामुळे ‘घ्या यंत्र आणि कमवा’ असा सल्ला देणाऱ्याने हप्त्यांच्या हिशेबाबरोबर कामाच्या शाश्वतीचाही हिशेब सांगितला पाहिजे.

भाड्याच्या व्यवस्थेत आणखी एक मेख आहे. यंत्र एकाचे, चालक दुसऱ्याने पाठवलेला, आवार तिसऱ्याचे आणि काम चौथ्या उपकंत्राटदाराचे. अपघात झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न अशा वेळी चौघांच्या मध्ये लोंबकळत राहतो.

उंचीचा धोका

अपघात का होतो हे समजण्यासाठी तरफेचा शाळेतील धडा पुरेसा आहे. टेलिहँडलरच्या पुढच्या चाकांचा आस म्हणजे टेकू. मागे यंत्राचे वजन, पुढे बाहूच्या टोकावरचा भार. भार तोच ठेवून बाहू पुढे लांबवला की टेकूपासूनचे अंतर वाढते आणि यंत्राला पुढे उलटवू पाहणारा जोरही वाढतो. अंतर दुप्पट झाले की हा जोर दुप्पट होतो.

यंत्राचे नाव येथे फसवे ठरू शकते. जेसीबीच्या ५३०-७० या यंत्राच्या नावातील ‘३०’ म्हणजे ३,००० किलो आणि ‘७०’ म्हणजे सात मीटर उंची. तथापि, तीन हजार किलो वजन हवे तेवढ्या लांब आणि हवे तेवढ्या उंच नेता येते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बाहू पूर्ण पुढे ताणला की उचलण्याची क्षमता मूळ आकड्याच्या एका अंशावर येते. कोणत्या कोनात, किती लांबीला, किती वजन चालेल हे सांगणारा भार-तक्ता प्रत्येक यंत्राच्या केबिनमध्ये असतो. तो वाचता येणे हीच चालकाची खरी पात्रता. गाडी चालवता येणे ही त्यानंतरची गोष्ट झाली.

दुसरा धोका बाजूला कलंडण्याचा. बाहू वर उचललेल्या स्थितीत यंत्र चालवले आणि एक चाक खड्ड्यात गेले, तर वरचा भार सगळ्या यंत्राला आडवे करतो. तिसरा धोका न दिसणाऱ्या कोपऱ्याचा. केबिन सामान्यतः बाहूच्या डाव्या बाजूस असते, त्यामुळे उजवीकडचा बराच भाग चालकाच्या दृष्टीआड राहतो. चौथा धोका डोक्यावरच्या वीजवाहिनीचा. आणि पाचवा धोका आपल्या सवयीचा. माल वर नेणारे यंत्र समोर असले की काट्यांवर फळी टाकून माणसालाही वर पाठवण्याचा मोह होतो. त्यासाठी खास बनवलेला, कठडा असलेला आणि यंत्राला घट्ट जोडलेला पिंजरा नसेल, तर हा जिवाशी खेळ आहे.

गोव्याची भूमी या पाचही धोक्यांना अनुकूल आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. आपली बांधकामे उतारावर आहेत. सडे कापून आणि डोंगर फोडून तयार केलेल्या भरावावर ती उभी राहतात. पावसाळ्याचे चार महिने तो भराव चिखल होऊन बसतो. वाड्यांतील रस्ते अरुंद, वळणाचे, आणि त्यांवरून वीजवाहिन्या हात उंचावला तर लागतील अशा वाटाव्यात इतक्या खाली आलेल्या. सपाट माळव्यात जे यंत्र निर्धास्त चालेल, ते बार्देशच्या एखाद्या उतारावर विशेष काळजी घेतल्याशिवाय चालवता येणार नाही.

कायदा याबाबत मुका नाही. भार उचलणाऱ्या साधनाची वापरापूर्वी आणि ठरावीक काळाने सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी, अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते चालवू देऊ नये, चालक आणि त्याला खुणा करणारा माणूस दोघेही त्या कामातील धोके जाणणारे असावेत, असे वर उल्लेख केलेले नियम सांगतात. वाहन म्हणून बांधकामयंत्रांसाठी सुरक्षिततेची स्वतंत्र मानके टप्प्याटप्प्याने आली असून त्यांचा दुसरा टप्पा एप्रिल २०२४ मध्ये अमलात आला. १ जानेवारी २०२५ पासून या यंत्रांच्या धुरासंबंधीचे निकषही कडक झाले. नवे यंत्र त्यामुळे अधिक सुरक्षित आणि स्वच्छ झाले हे खरे. पण यंत्र सुधारण्याचा वेग आणि ते चालवणारा माणूस तयार करण्याचा वेग यांत मोठी तफावत आहे. यंत्राला कारखान्याच्या दारातच परीक्षा द्यावी लागते. चालक मात्र बहुधा दुसऱ्या चालकाच्या शेजारी उभा राहून, पाहून पाहून शिकलेला असतो.

तपासणी यंत्रणा जागी होण्यासाठी दुर्घटनेचीच वाट पाहायची का, हा प्रश्न गोव्याला विचारण्याचे कारण आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक कामगारांचा बळी गेला. त्या घटनेचे कारण वेगळे होते. मात्र बांधकामस्थळी कोण काम करत आहे, किती जण आहेत, त्यांच्यावर देखरेख कोणाची, हे प्रश्न तेव्हा ढिगाऱ्याखालून वर आले. यंत्रयुगात ते पुन्हा तसेच वर येऊ नयेत.

चालकाची खुर्ची कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र आले की घमेल्याचे काम घटते, आणि घमेल्याचे काम प्रामुख्याने स्त्रीचे आहे. गवंडी, सुतार, सळया बांधणारा ही कामे पुरुषांकडे. भार वाहणे, माल कालवणे, साफसफाई ही ‘बिगारी’ कामे स्त्रियांकडे, अशी आपल्या बांधकामातील जुनी वाटणी आहे. बांधकामावर वीस वर्षे घालवूनही स्त्री गवंडी होत नाही, कारण तिच्या हाती थापी कोणी देत नाही. नवे यंत्र तिच्या डोक्यावरचा भार काढून घेईल आणि त्याबरोबर तिची मजुरीही. खुर्चीत मात्र दुसराच कोणी बसेल. त्याचा रोज तिच्यापेक्षा अधिक असेल आणि त्याला ‘ऑपरेटर’ असे सन्मानाचे नाव असेल.

ही अटळ नियती आहे असे समजण्याचे कारण नाही. अवजड यंत्र चालवण्यासाठी बाहुबळ लागत नाही. लागते ती नजर, संयम आणि शिस्त. झारखंडमधील नोआमुंडी येथील टाटा स्टीलच्या लोहखनिज खाणीत स्त्रिया प्रचंड डंपर आणि खोदयंत्रे चालवतात. लोहखनिजाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या गोमंतकीयांना हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नसावी. जे खाणीत शक्य आहे ते इमारतीच्या आवारात अशक्य कसे?

येथे पैशाचा प्रश्न पुढे केला जातो. वास्तविक पैसा आहे. बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घेऊन तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा, अशी तरतूद १९९६ पासून आहे. हा निधी देशभर साठत गेला आणि कामगारापर्यंत फारच थोडा पोहोचला, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात तीव्र नापसंती व्यक्त केली होती. सुनावणीच्या ओघात या पैशांतून लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतल्याचा मुद्दाही पुढे आला होता. ज्या कामगाराच्या नावाने पैसा जमा होतो, त्याच्या हाताला नवे कौशल्य देणे यापेक्षा त्या पैशाचा अधिक न्याय्य उपयोग कोणता?

गोव्याने आता काय करावे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. नवे नियम पूर्णपणे रुळेपर्यंत जुन्या तरतुदी चालू राहतील, असे केंद्राने स्पष्ट केले आहे. नियम घडण्याचा हा संधिकाळ राज्यांच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण एकदा साचा पक्का झाला की त्यात भर घालणे कठीण जाते. टेलिहँडलर गोव्यात संख्येने थोडे आहेत, तोवरच पुढील गोष्टी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

पहिली गोष्ट, भाड्याच्या यंत्राची जबाबदारी ठरवणे. यंत्रमालक, चालक पुरवणारा, मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांच्यापैकी कोण कशासाठी उत्तरदायी, हे भाडेकरारातच लिहिलेले असावे आणि ते आवारात पाहण्यास उपलब्ध असावे. तपासणीचे प्रमाणपत्र, भार-तक्ता आणि चालकाचा दाखला ही तीन कागदपत्रे नसलेले यंत्र आवारात शिरता कामा नये.

दुसरी गोष्ट, शासनाने आपल्याच कामांपासून आरंभ करणे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत प्रशिक्षित चालकाची अट घातली, तर बाजार आपोआप त्या दिशेने वळेल. खासगी व्यावसायिकाला उपदेश करण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे. बांधकामयंत्रांच्या चालकांसाठी देशात स्वतंत्र कौशल्य परिषद आहे, तिची प्रमाणपत्रे आहेत. गोव्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्याशी जोडून घ्यावे. यंत्र प्रत्यक्ष विकत घेणे शक्य नसेल तर देवगुराडियाप्रमाणे ते शिकवण्यापुरते भाड्याने घेता येईल.

तिसरी गोष्ट, या प्रशिक्षणातील ठरावीक जागा सध्या बांधकामावर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी राखणे आणि प्रशिक्षणाच्या काळातील बुडालेली मजुरी उपकर निधीतून देणे. हा दुसरा भाग वगळला तर पहिला निरर्थक आहे. रोजावर जगणारी स्त्री महिनाभर रोज सोडून शिकायला येणार नाही. तिच्या मुलाला दिवसभर सांभाळणारे पाळणाघर नसेल, तर रोज दिला तरी येणार नाही. सगळ्याच स्त्रिया चालक होणार नाहीत, तेवढी यंत्रेही येणार नाहीत. पण चालकाला खुणा करणारी, भार नीट रचून बांधणारी, साहित्याची नोंद ठेवणारी ही कामेही यंत्राबरोबरच निर्माण होतात. त्यांना घमेल्याइतके बळ लागत नाही, आणि मोबदला त्याहून अधिक मिळायला हवा.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित: वजनाची मर्यादा पाळणे. ज्या आवारात यंत्र येणार नाही, अशी शेकडो लहान घरे गोव्यात पुढील अनेक वर्षे बांधली जातील. तेथे निदान ५५ आणि ३० किलोंचा नियम पाळला जावा. त्यासाठी टेलिहँडलर लागत नाही. साधी कप्पी, छोटा विजेवरचा उचलयंत्राचा पाळणा आणि पाहणीला येणारा एक निरीक्षक एवढे पुरे.

या मागण्यांवर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. कामगार परप्रांतीय आहेत, आज येथे तर उद्या तेथे. त्यांच्यावर गोव्याने खर्च का करावा? याचे उत्तर सरळ आहे. उपकर गोव्यातील इमारतींवर घेतला जातो, आणि त्या इमारतींत राहणार आहोत आपण. ज्यांच्या मानेवरून आपली घरे वर चढली, त्यांना परके ठरवून त्यांच्या नावाचा पैसा मात्र आपला मानणे हे नीतीला धरून नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते चुकीचे आहे. अप्रशिक्षित चालकाच्या हातून कलंडणारे यंत्र पाहून घेत नाही की खाली उभा असलेला माणूस गोमंतकीय आहे की परका.

इंदूरने तीनशेव्या वर्षी अहिल्यादेवींचे स्मरण केले ते योग्यच झाले. त्यांची ओळख घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे बांधणारी राज्यकर्ती अशी देशभर आहे. बांधकाम हा लोककल्याणाचा भाग आहे ही त्यांची शिकवण. तिला आज एक पोटकलम जोडावे लागेल: बांधणाऱ्याचे कल्याणही त्यातच यावे. पर्वरीत कार्यालयाकडे येताना एका नव्या इमारतीपाशी रोज थांबावे लागते. तिथे अजून यंत्र आलेले नाही. लाकडी फळीच्या उतारावरून एक स्त्री घमेले घेऊन चढते, रिकामे घेऊन उतरते आणि पुन्हा रांगेत उभी राहते. पुढच्या इमारतीच्या वेळी त्या फळीच्या जागी टेलिहँडलर उभा असेल. तेव्हा ती स्त्री कुठे असावी, हे ठरवण्यासाठी आपल्या हाती थोडाच अवधी उरला आहे.